वीसची डाळ, दहाचे तेल : चिल्लर खरेदी महाग का पडते?

संध्याकाळी सातच्या सुमारास उत्तर नागपुरातील कोणत्याही कष्टकरी वस्तीतल्या किराणा दुकानासमोर दहा मिनिटे उभे राहून पाहा. बांधकामावरून, धुणीभांडी करून, ई-रिक्षा चालवून परतणारी माणसे एकामागून एक काउंटरवर येतात. "भाऊ, वीसची तूरडाळ द्या. दहाचे तेल. पाचची चायपत्ती." कोणी किलो म्हणत नाही, कोणी ग्रॅम म्हणत नाही. वस्तू मागितली जाते ती रुपयांत. दुकानदार पोत्यात हात घालतो, अंदाजाने पुडी बांधतो, कधी काट्यावर टेकवतो, कधी तेही नाही. गर्दी असते, भूक लागलेली असते, घरी मुले वाट पाहत असतात. कोण कशाला विचारणार की वीस रुपयांत किती डाळ आली?

आम्ही हा प्रश्न विचारायचे ठरवले, तेही योगायोगाने. वस्तीत महिलांच्या आरोग्याचे काम करताना घराघरांतील जेवणाची नोंद घेत होतो. डाळ रोज होते का, किती होते, असे विचारले की उत्तर यायचे, "वीसची." शेवटी एका ताईंच्या घरी नुकतीच आणलेली पुडी आम्ही आमच्याजवळच्या छोट्या डिजिटल काट्यावर ठेवली. दुकानातील दर 140 रुपये किलो होता. त्या दराने वीस रुपयांत 143 ग्रॅमच्या आसपास डाळ यायला हवी होती. निघाली 120 ग्रॅम. म्हणजे ताईंना ती डाळ किलोमागे सुमारे 167 रुपयांना पडली. रोज वीसची डाळ घेतली तर महिन्याला 600 रुपये जातात आणि घरात 3 किलो 600 ग्रॅम डाळ येते. तीच डाळ 140 च्या दराने 504 रुपयांत आली असती. फरक 96 रुपयांचा, आणि तो फक्त डाळीतला. तेल, साखर, चहा, तिखट यांचा हिशेब अजून मांडलेलाच नाही.

एका पुडीच्या वजनाला सर्वेक्षण म्हणू नये, आम्हीही म्हणत नाही. दुसऱ्या दुकानात कदाचित पूर्ण 143 ग्रॅम मिळतील. पण त्या पुडीने आमच्यापुरता एक प्रश्न उभा केला. थोडे घेणाऱ्याला वस्तू महाग पडते हे आपण इतके गृहीत धरून चालतो की त्याचे कारण तपासतच नाही. "थोडे घेतले की महाग पडणारच" असे आपणही म्हणतो. आमच्या मते हे अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे समाजाच्या तरुण कार्यकर्त्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. शिकून नोकरीला लागलेली आपलीच मुले वस्तीत भाषण करताना सांगतात, "महिन्याचा किराणा एकदम भरा, रोज रोज दुकानात जाऊ नका, पैसे वाचतील." सल्ला वाईट नाही, पण तो देणाऱ्याच्या खात्यात एक तारखेला पगार पडतो. ज्याला रोजच्या रोज मजुरी मिळते त्याच्याकडे महिन्याचे पैसे एकदम येतच नाहीत. "मले महिन्याचा किराणा भरता येत असता तं मी रोज कायले आली असती?" असे एका काकूंनी आम्हाला सुनावले होते, आणि त्या बरोबर होत्या. शिवाय दहा बाय दहाच्या खोलीत पाच किलो डाळीचा डबा ठेवायचा कुठे? पावसाळ्यात डाळीला कीड लागते. घरात भरलेला डबा असला की तो लवकरही संपतो, कारण पाहुणा आला, शेजारीण वाटीभर मागायला आली, मुलांनी आणखी मागितले, तर नाही कसे म्हणणार? थोडे आणले की थोडेच शिजते. रोजची खरेदी हा या घरांचा स्वतःचा अर्थसंकल्प असतो. त्यात उधळपट्टी नाही, उलट फार काटेकोरपणा आहे.

समाजशास्त्रात हा विषय नवा नाही. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ डेव्हिड कॅप्लोविट्झ यांनी 1963 साली न्यूयॉर्कच्या सरकारी वसाहतींतील गरीब कुटुंबांच्या खरेदीवर पुस्तक लिहिले. गरिबालाच जास्त मोजावे लागते, हा त्या पुस्तकाचा निष्कर्ष त्याच्या नावातच आहे. त्यांचा भर फर्निचर, टीव्ही अशा हप्त्यांवर घेतलेल्या वस्तूंवर होता. आपल्या जवळचे उदाहरण अर्थतज्ज्ञ विजयेंद्र राव यांच्या 2000 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाचे. कर्नाटकातील खेड्यातल्या कुंभार समाजातील कुटुंबे एकच वस्तू कोणत्या भावाने घेतात हे त्यांनी पाहिले. अधिक गरीब कुटुंबे कमी प्रमाणात खरेदी करतात आणि त्यामुळे त्याच वस्तूला जास्त भाव देतात, असे त्यांना आढळले. म्हणजे उत्पन्नाच्या आकड्यात दिसते त्यापेक्षा प्रत्यक्षातली विषमता मोठी असते. शंभर रुपये सगळ्यांचे सारखे नसतात.

आता त्याच दुकानात लटकणाऱ्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळेकडे पाहा. तिथे हिशेब उलटा लागतो. एक-दोन रुपयांच्या पुडीवरचे मिलिलिटर आणि त्याच ब्रँडच्या मोठ्या बाटलीवरचे मिलिलिटर यांचा भाग किमतीला देऊन बघा. बऱ्याच ब्रँडमध्ये पुडीतला शाम्पू बाटलीपेक्षा स्वस्त निघेल. विश्वास बसत नसेल तर आजच करून पाहा, मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर आहेच. छोटी पुडी बनवायला, भरायला, सील करायला, गावोगाव पोहोचवायला खर्च येत नाही का? येतो. तरीही ती स्वस्त विकणे कंपनीला परवडते, कारण तिथे ब्रँडाब्रँडांत चढाओढ आहे, किंमत छापलेली आहे आणि ग्राहक एका रुपयासाठी दुसऱ्या माळेकडे हात नेऊ शकतो. सी. के. प्रल्हाद यांनी 2004 च्या त्यांच्या गाजलेल्या पुस्तकात गरिबांच्या बाजारात मोठी कमाई आहे असे कंपन्यांना सांगितले, त्याच्या कितीतरी आधीपासून तामिळनाडूतील छोट्या उद्योजकांनी शाम्पूची पुडी देशभर नेली होती. प्रल्हाद यांच्या मांडणीवर आमचे आक्षेप आहेत. गरिबाला ग्राहक केल्याने गरिबी हटत नाही, आणि त्या पुड्यांचे प्लॅस्टिक आपल्याच वस्तीच्या नाल्यांत तुंबते. पण शाम्पूच्या माळेवरून एवढे नक्की सिद्ध होते की वस्तू लहान प्रमाणात आहे म्हणून महाग पडलीच पाहिजे असा काही निसर्गनियम नाही.

इथे बाबासाहेबांच्या एका निबंधाची आठवण येते. 1918 साली त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींच्या प्रश्नावर लिहिले. जमिनीचे तुकडे लहान आहेत म्हणून शेती तोट्यात आहे, तेव्हा तुकडे मोठे करा, अशी तेव्हाची सर्वमान्य समजूत होती. बाबासाहेबांनी ती तपासली आणि सांगितले की जमिनीच्या निव्वळ आकारावरून ती फायद्याची की तोट्याची हे ठरत नाही. तिच्या जोडीला भांडवल, अवजारे आणि मनुष्यबळ कोणत्या प्रमाणात आहे यावरून ते ठरते. आजाराचे मूळ आकारात शोधू नका, असा तो युक्तिवाद होता. किराणा आणि शेती एक नव्हे हे आम्हाला कळते. पण प्रश्न तपासण्याची ही पद्धत उचलण्यासारखी आहे. वीसची डाळ महाग का? ती थोडी आहे म्हणून, की तिच्यासोबत काहीतरी नाही म्हणून?

तिच्यासोबत पहिली गोष्ट नसते ती वजन. ग्राहक वजनात मागतो तेव्हा कायदा त्याच्या बाजूला उभा राहतो. 2009 च्या वैधमापन कायद्यानुसार दुकानातील काटा तपासून मुद्रांकित केलेला असावा लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी दरवर्षी व्हावी लागते, आणि सांगितलेल्या वजनापेक्षा कमी देणे हा गुन्हा आहे. पण ग्राहक रुपयांत मागतो तेव्हा सांगितलेले वजन असे काही उरतच नाही. "वीसची द्या" म्हटले, वीसची दिली. तक्रार कशाची करणार? वीस रुपयांत किती हे ठरवण्याचा अधिकार आपण बोलण्याच्या ओघात पलीकडच्या माणसाला देऊन टाकतो. त्यावर साधा उपाय एकच, मागणी उलटी करायची. "दीडशे ग्रॅम डाळ द्या, किती झाले?" पैसे तेवढेच लागतील, एखाददुसरा रुपया इकडेतिकडे, पण काटा लावावाच लागेल. आमच्या गटातील मुलींनी हे करून पाहिले तेव्हा एका दुकानदाराने कपाळाला आठ्या घातल्या, दुसऱ्याने हसून काटा पुढे ओढला. आठ्या घालणाऱ्याकडेही शेवटी काट्यावरच माप झाले.

पाकीटबंद वस्तूंबाबत परिस्थिती बरी आहे, पण तिथेही छोट्या पाकिटाकडे कायद्याचे लक्ष कमी आहे. पाकिटावर एकक किंमत, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला किती पडते, हे छापण्याची तरतूद 2021 च्या दुरुस्तीने आली. उद्देश चांगला. पण नियम असा की एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर दर ग्रॅममागे छापायचा आणि त्यापेक्षा मोठ्यावर किलोमागे, आणि तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. आता 500 ग्रॅम पिठाच्या पाकिटावर 'ग्रॅमला 0.06 रुपये' आणि पाच किलोच्या पिशवीवर 'किलोला 48 रुपये' असे छापलेले असेल, तर बाजारात उभ्या असलेल्या बाईने त्याची तुलना कशी करायची? 0.06 म्हणजे किलोला साठ रुपये. पण दोन दशांशांत बसवल्यामुळे खरा दर पंचावन्नही असू शकतो आणि चौसष्टही. स्वस्त वस्तूंच्या बाबतीत, म्हणजे नेमक्या गरिबांच्या वस्तूंच्या बाबतीत, हा आकडा जवळपास निरुपयोगी ठरतो. त्यातच 2021 च्या त्याच दुरुस्तीने अनेक वस्तूंसाठी ठरवून दिलेली पाकिटांची प्रमाणित वजने रद्द केली. त्यामुळे सारख्याच दिसणाऱ्या दोन पिशव्यांत वेगवेगळे वजन असू शकते, आणि ते बारीक अक्षरांत वाचावे लागते. दहा ग्रॅम किंवा त्याहून लहान पाकिटांना तर या नियमांतील बऱ्याच गोष्टींतून सूट राहत आली आहे.

तेलाचा गोंधळ वेगळाच. पिशवीवर लिटर असते, सुटे तेल किलोवर विकले जाते, आणि आपण दोन्हींना सरसकट 'एक किलो तेल' म्हणतो. एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरते. तेव्हा 150 रुपये लिटरची पिशवी किलोला जवळपास 165 रुपये पडते, आणि शेजारच्या डब्यातले 160 रुपये किलोचे तेल महाग दिसत असले तरी प्रत्यक्षात स्वस्त असते. अर्थात सुट्या तेलात भेसळीची भीती आहे. 1998 साली दिल्लीत पिवळ्या धोतऱ्याच्या बियांची भेसळ झालेल्या मोहरीच्या तेलाने माणसे दगावली आणि त्यानंतर खाद्यतेल बंद पाकिटातूनच विकण्याचा आदेश निघाला. वस्तीत मात्र दहाचे सुटे तेल अजून मिळते, कारण दहा रुपयेच हातात असलेल्या माणसासाठी दुसरी सोयच कोणी केलेली नाही.

भाजीबाजाराची तऱ्हा आणखी निराळी. पूर्वी भाजीवाले किलोचा भाव सांगायचे, आता 'वीस रुपये पाव, वीस रुपये पाव' असा पुकारा चालतो. ऐकायला वीस, प्रत्यक्षात ऐंशी रुपये किलो. पण भाजीबाबत आमचा अनुभव किराण्याइतका कडू नाही. आठवडी बाजारात अंधार पडू लागला की भाव उतरतात, उरलेल्या टमाट्यांचे वाटे लागतात, आणि पाचचा सांबार मागितला तरी भाजीवाली बाई दोन हिरव्या मिरच्या वरून टाकते. ती स्वतःही रोजच्या रोज कमावणारी असते, तिला संपवून घरी जायचे असते. तिथे घेणारी आणि विकणारी साधारण एकाच पातळीवर उभ्या असतात, आणि मापातही तो फरक जाणवतो.

मग नव्या चकचकीत दुकानांचे काय? प्रामाणिकपणे सांगायचे तर वस्तीतल्या तरुणांना ती आवडण्याचे कारण केवळ फॅशन नाही. तिथे सुट्या भाजीच्या टोपल्यांतून दोन टमाटे आणि एक कांदा उचलला तरी कोणी काही बोलत नाही. यंत्र वजन करते, ग्रॅमसह चिठ्ठी चिकटते. नाव कोणी विचारत नाही, आडनाव तर नाहीच. बापाची उधारी किती आहे हे कोणी चारचौघांत ऐकवत नाही. ज्या समाजाला दुकानाच्या पायरीवरून ओळखून वागवले गेले, त्याला या अनोळखीपणाचे मोल अधिक वाटले तर आश्चर्य नाही. पण तिथे डाळ आणि तेल बहुधा अर्ध्या किलोच्या, लिटरच्या पाकिटातच असते, आणि उधारी नसते. मोबाइलवरून दहा मिनिटांत घरपोच देणाऱ्या ॲपवर थोडे मागवले की छोट्या खरेदीचे वेगळे शुल्क लागते. एकच कुटुंब बघा. मुलगा कॉल सेंटरला, रात्री ॲपवरून दोन वस्तू मागवतो आणि वर शुल्क भरतो. त्याला आपण सोय म्हणतो. आई संध्याकाळी वीसची डाळ आणते, तिला आपण अडाणीपणा म्हणतो. मुलाचे शुल्क निदान बिलावर छापलेले असते.

कराचा मुद्दाही समजून घेतला पाहिजे, कारण त्यावर समाजमाध्यमांत अर्धवट माहिती फिरते. 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पाकीटबंद व लेबल लावलेल्या डाळी, तांदूळ, पीठ यांवर 5 टक्के जीएसटी लागू झाला. सुट्या विक्रीवर तो नाही, आणि 25 किलोपेक्षा मोठ्या कट्ट्यावरही नाही. म्हणजे 30 किलोचा डाळीचा कट्टा घेणाऱ्याला कर नाही, एक किलोचे पाकीट घेणाऱ्याला आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरचा कर 5 टक्क्यांवर आला. पाच-दहा रुपयांच्या पाकिटाची किंमत पन्नास पैशांनी कमी करणे व्यवहारात अवघड, कारण सुटे पैसे कोणाकडे असतात? म्हणून कित्येक कंपन्यांनी किंमत तीच ठेवून वजन वाढवण्याचा मार्ग धरला. तेव्हा कर कमी झाल्याचा लाभ पोहोचला की नाही हे पाहायचे असेल तर किंमत बघून कळणार नाही, ग्रॅम बघावे लागतील. ती सवय आपल्याला नाही, आणि ती नसणे विकणाऱ्याच्या सोयीचे आहे.

वजनाचा प्रश्न काट्याने सुटू शकतो. वीसच्या डाळीला दुसरी एक गोष्ट चिकटलेली असते, तिचे काय करायचे हा अवघड प्रश्न आहे. ती गोष्ट म्हणजे उधारीची वही.

ज्या ताईंची पुडी आम्ही वजन केली, त्यांना आम्ही मोठ्या उत्साहाने सांगितले की दोन गल्ल्या पलीकडे दर 132 आहे. त्या म्हणाल्या, "माहीत आहे ना. पण इथं चौदाशे थकले आहेत. पिशवी घेऊन त्याच्या दुकानासमोरून कशी जाऊ?" हे आम्हाला त्यांच्या आधी कोणत्याही पुस्तकाने इतके स्पष्ट सांगितले नव्हते. उधारी असलेला ग्राहक बाजारात नसतोच, तो एका दुकानात असतो. त्याला दर विचारता येत नाही, काट्याकडे बोट दाखवता येत नाही. आजारपणात, मजुरी बुडालेल्या आठवड्यात त्याच वहीने घर जगवलेले असते, म्हणून रागही धरता येत नाही. दुकानदाराच्या बाजूनेही बघू. त्याचे पैसे अडकलेले असतात, काही कायमचे बुडतात, ठोक व्यापारी त्याला थांबत नाही. व्याज तो वहीत लिहीत नाही, ते पुडीतून वसूल करतो. त्या 23 ग्रॅममध्ये थोडी लबाडी असेल, थोडे व्याज असेल, थोडी घाई असेल. कोणते किती हे वेगळे करता येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

आपल्या समाजासाठी वहीचा हा धाक केवळ पैशाचा कधीच नव्हता. 1928 साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. 1930 च्या तिच्या अहवालाने नोंदवले की अस्पृश्यांनी नागरी हक्क बजावायचे ठरवले की गावातील सवर्ण आर्थिक बळाचा वापर करतात, कामावरून काढतात, वाटा बंद करतात आणि गावच्या वाण्याला जीवनावश्यक वस्तू विकण्यापासून रोखतात. अनेकदा कारण अगदी क्षुल्लक असे. हाच दाखला बाबासाहेबांनी गोलमेज परिषदेपुढे ठेवला आणि बहिष्कार हा गुन्हा ठरवण्याची मागणी केली. संविधानाच्या अनुच्छेद 15(2) मध्ये दुकानांचा स्पष्ट उल्लेख आहे, तो असाच आलेला नाही. 1955 च्या कायद्याने अस्पृश्यतेवरून माल विकायला नकार देणे हा गुन्हा ठरला. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने सामाजिक व आर्थिक बहिष्कार आला. आणि तरीही 11 राज्यांतील 565 गावांच्या पाहणीवर आधारलेल्या, सुखदेव थोरात, घनश्याम शहा प्रभृतींच्या 2006 मधील पुस्तकात एक तृतीयांशाहून अधिक गावांत दलितांना दुकानात प्रवेश नाकारला जात असल्याची नोंद आहे. बाहेर थांबायचे, माल जमिनीवर ठेवला जायचा, पैसेही तसेच ठेवायचे. ज्याला बाहेर उभे राहावे लागते तो काट्याचा आकडा कुठून वाचणार?

शहरातील वस्तीत ते चित्र नाही. उत्तर नागपुरात तर कित्येक किराणा दुकाने आपल्याच लोकांची आहेत, आणि वर ज्या 23 ग्रॅमचा हिशेब मांडला ते दुकान कोणाचे आहे हे लिहिले तर काही वाचकांना आवडणार नाही. तेव्हा हा प्रश्न दुकानदाराच्या जातीवर ढकलून मोकळे होता येत नाही.

मग करायचे काय? एकत्र खरेदी हा जुना आणि खरा उपाय आहे. मुंबईच्या नायगावात गिरणी कामगारांनी 1948 साली उभारलेली ग्राहक सहकारी संस्था पुढे 'अपना बाजार' म्हणून वाढली. मुंबई ग्राहक पंचायतीने 1975 पासून कुटुंबांचे गट करून महिन्याचा किराणा एकत्र घेण्याची व्यवस्था चालवली. पण ती व्यवस्था महिन्याचे पैसे आधी देऊ शकणाऱ्या मध्यमवर्गाच्या अंगाची आहे. आम्ही हेच वस्तीत करायला गेलो आणि तोंडघशी पडलो. विहाराच्या महिला मंडळातील चौदा घरांनी पाचशे-पाचशे रुपये काढले. इतवारीच्या ठोक बाजारातून डाळीचा कट्टा, साखर आणि तेलाचा पिपा आणला. पहिल्या महिन्यात सगळ्यांना आनंद झाला. दुसऱ्या महिन्यात पाचशे एकदम काढणे काहींना जमले नाही. पावसाळ्यात उरलेल्या डाळीत सोंडे झाले. पिपा कोणाच्या घरी ठेवायचा यावरून कुरबुर झाली. तिसऱ्या महिन्यात नऊच घरे उरली, आणि गळालेल्या पाचांपैकी तिघींचे कारण वही होते. दुकानदाराने काही म्हटले नव्हते. त्यांनाच त्याच्यासमोरून ती पिशवी नेणे शक्य झाले नाही.

रेशनवर तांदूळ-गहू मोफत मिळतो, 1 जानेवारी 2023 पासून त्यासाठी पैसे लागत नाहीत. पण डाळ, तेल, तिखट, चहा नियमितपणे मिळत नाहीत, आणि चिल्लर खरेदीतील खरा तोटा नेमका याच वस्तूंत आहे. दिवाळीला शंभर रुपयांत आनंदाचा शिधा वाटून हा प्रश्न सुटणार नव्हता. रेशन दुकानातून डाळ आणि तेल बारमाही, आणि शंभर-दोनशे ग्रॅमच्या मापातही मिळावे, अशी मागणी आपल्या संघटनांच्या निवेदनांत आम्हाला अजून दिसलेली नाही. स्मारकांच्या आणि नामांतराच्या मागण्यांसोबत हीही मांडायला काय हरकत आहे?

सध्या आम्ही पद्धत बदलून पाहत आहोत. महिन्याऐवजी आठवडा. रविवारी वंदनेनंतर विहाराच्या ओट्यावर काटा लागतो, डाळ पाव-पाव किलोच्या पुड्यांत बांधतो, ज्याला जेवढी हवी तेवढी त्या दिवशीच्या पैशांत. पहिल्या कट्ट्याचे पैसे नोकरीतल्या चौघांनी बिनव्याजी घातले आहेत. हिशेब बारावीची एक मुलगी लिहिते. तेल आम्ही सोडून दिले, ते आमच्याने निभत नाही.

आणि एका दुकानदाराशी बोलणे चालू आहे, त्याच, ज्याच्या वहीत ताईंचे चौदाशे आहेत. आम्ही त्याला एक फलक लावायला सांगितला. वस्तूचे नाव, किलोचा दर, आणि त्यापुढे दहा रुपयांत किती ग्रॅम, वीस रुपयांत किती ग्रॅम. आधी तो म्हणाला, याने भांडणे वाढतील. मग म्हणाला, लावतो, पण माझी थकलेली उधारी कोण देणार ते सांगा. आम्ही तीन घरांची उधारी महिला मंडळाच्या बचतीतून एकदम फेडून ती महिन्याला शंभर रुपयांनी मंडळाकडे वळती करण्याचा प्रस्ताव ठेवला आहे. मंडळात त्यावर दोन तट आहेत. एकदा फेडली की पुन्हा वही सुरू होईल, असे म्हणणाऱ्या बायकांचे म्हणणे खोडून काढायला आमच्याकडे अजून काही नाही. फलक मात्र मागच्या सोमवारी लागला आहे. तूरडाळीपुढे वीस रुपयांत 143 ग्रॅम असे खडूने लिहिले आहे.